वाटेतल्या भेटींना वेळ देणारी सहल : नौपाड्यातील एका छोट्या सहल संस्थेबरोबर श्रीलंका

परदेशी सहलीच्या परीक्षणात हॉटेल, जेवण आणि बस यांचा हिशेब आधी मांडण्याची पद्धत आहे आणि तो मीही पुढे मांडणार आहे. मात्र ठाण्यात नौपाड्यात कार्यालय असलेल्या या छोट्या सहल संस्थेबरोबर श्रीलंका पाहून आल्यावर सर्वांत आधी सांगावेसे वाटते ते त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेतील मोकळ्या जागांविषयी. जवळजवळ प्रत्येक दिवसाच्या रकान्यात ‘राखीव वेळ’ अशी एक ओळ आहे, कधी तासाभराची, तर कधी अर्ध्या दिवसाची. नोंदणी करताना ही ओळ पाहून पैसे पूर्ण घेऊन स्थळे कमी दाखवली जात आहेत की काय, अशी शंका येते आणि मलाही ती आली होती. प्रत्यक्षात या राखीव वेळेमुळेच आम्हाला मिहिंतले येथे एका वृद्ध भिक्खूंजवळ आणि कँडीत एका ख्रिस्ती धर्मगुरूंजवळ निवांत बसता आले, आणि त्या दोन भेटींत श्रीलंकेविषयी, तसेच आपल्या ठाणे-वसईच्या पट्ट्याविषयी, जे ऐकायला मिळाले ते नुसत्या स्थळदर्शनात मिळाले नसते.

संस्थेचे कार्यालय राम मारुती रस्त्यालगतच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. संचालिकांना सगळे ‘ताई’ म्हणतात आणि चौकशीला गेलेल्या माणसाशी त्या स्वतः बोलतात. दुसऱ्या एका कंपनीच्या पत्रकात ‘बौद्ध भिक्खूंची खास भेट’ असा मुद्दा ठळक अक्षरांत छापलेला मी पाहिला होता, म्हणून या सहलीत तशी सोय आहे का, असे मी विचारले. ताईंचे उत्तर असे होते : ‘तशी भेट आम्ही ठरवत नाही आणि तिचे पैसेही घेत नाही. विहारातली मंडळी त्यांच्या दिनक्रमात असतात. त्यांतले कोणी आपणहून तुमच्याशी बोलले, तर बसमधून हाका मारून तुम्हाला उठवणार नाही, एवढे मात्र नक्की.’ हे आश्वासन त्यांनी तंतोतंत पाळले.

निघण्यापूर्वीच्या रविवारी संध्याकाळी एका छोट्या सभागृहात सर्व सहप्रवाशांची बैठक झाली, आणि या सेवेतील हा भाग मला अतिशय मोलाचा वाटतो. इतर संस्था ज्या सूचना विमानतळावर रांगेत उभे असताना घाईघाईने देतात, त्या येथे कारणांसह समजावून सांगितल्या गेल्या. स्तूपाच्या आवारात पादत्राणे आणि टोपी दोन्ही काढावी लागतात आणि दुपारी दगडी फरशी पाय भाजेल इतकी तापते, म्हणून जाड मोजे जवळ ठेवावेत. ते घालण्यास हरकत नसते. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, शक्यतो कपडे पांढरे असावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे अवमान समजला जातो. सार्वजनिक बसमध्ये पुढची आसने धर्मगुरूंसाठी राखीव असतात, तेथे बसू नये. दान द्यायचे असल्यास ते विहाराच्या पेटीत टाकावे.

आपल्या लोकांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी सूचना पाया पडण्याविषयीची होती. वडीलधारी किंवा साधुपुरुष दिसले की वाकून त्यांच्या पायांना हात लावणे आपल्या अंगवळणी पडलेले असते; परंतु स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करणे तेथे योग्य मानले जात नाही, त्यामुळे हात जोडून थोड्या अंतरावरूनच वाकावे, हस्तांदोलनासाठी हात पुढे करू नये आणि बोलायला बसल्यास त्यांच्या आसनापेक्षा खाली बसावे, असे ताईंनी दोनदा सांगितले. भिक्खू माध्यान्हानंतर भोजन करत नाहीत, म्हणून दुपारी त्यांच्यापुढे प्रेमाने चकलीचा डबा उघडून त्यांना अडचणीत टाकू नये, हेही सांगितले. या गोष्टी आधी ठाऊक असल्या की समोरच्या माणसाला आपल्यामुळे संकोच वाटत नाही आणि बोलणे नमस्कारावर थांबत नाही.

मिहिंतले हे अनुराधपूर या श्रीलंकेच्या प्राचीन राजधानीच्या पूर्वेला सुमारे १३ किलोमीटरवर असलेले डोंगरावरील स्थान आहे. पायथ्यापासून १८४० पायऱ्या असल्या, तरी वाहन बरेच वरपर्यंत जाते, आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी संस्थेने तशी व्यवस्था न सांगता केली होती. परंपरा सांगते, की इ.स.पू. तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाचे पुत्र महिंद थेर (थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू) ज्येष्ठ पौर्णिमेला येथे आले. आपल्याकडे स्त्रिया वटपौर्णिमेचे व्रत करतात तीच ही पौर्णिमा. श्रीलंकेत ती पोसोन म्हणून मोठ्या श्रद्धेने पाळली जाते. राजा देवानांपिय तिस्स त्या दिवशी शिकारीला निघाला होता आणि हरणाचा पाठलाग करताना त्याची थेरांशी गाठ पडली. ज्या ठिकाणी हे घडले तेथे आज अंबस्थल स्तूप उभा आहे. आमच्या पत्रिकेत या स्तूपानंतर राखीव वेळ होता.

स्तूपाजवळच्या सावलीत एक वृद्ध भिक्खू बसले होते. ते मिहिंतलेचे नव्हते. दूरच्या एका खेड्यातील विहाराचे प्रमुख होते आणि गावकऱ्यांबरोबर स्वतःच यात्रेला आले होते. त्यांनी आमच्या स्थानिक मार्गदर्शकाला विचारले, ही मंडळी कुठली. ‘भारतातली, मुंबईजवळची’ असे उत्तर मिळाल्यावर, परदेशी माणूस साधारणपणे जे विचारतो ते न विचारता त्यांनी एकदम विचारले, ‘सुप्पारक तुमच्यापासून जवळ आहे का?’ आमच्यातले बरेच जण एकमेकांकडे पाहू लागले. वसईहून आलेले एक गृहस्थ मात्र पुढे झाले आणि म्हणाले, ‘सोपारा? ते तर आमच्या घराशेजारीच.’ त्यानंतर भन्तेंनी (भिक्खूंना आदराने असेच संबोधतात) आम्हाला हाताने खुणावून बसायला सांगितले, मार्गदर्शक मधे बसला आणि पुढचा बराच वेळ आम्ही कोणीही उठलो नाही.

भन्ते जे सांगत होते ते महावंस या श्रीलंकेच्या प्राचीन पाली इतिवृत्तातील होते. सिंहली लोकांचा आद्यपुरुष मानला जाणारा राजपुत्र विजय आपल्या साथीदारांसह जहाजाने निघाला तेव्हा तो आधी सुप्पारक बंदरात उतरला होता, परंतु साथीदारांच्या दांडगाईमुळे तेथून त्याला पुन्हा निघावे लागले आणि मग तो लंकेला पोहोचला, अशी ती कथा आहे. त्याच इतिवृत्तात तिसऱ्या धम्मसंगीतीनंतर, म्हणजे भिक्खूंच्या धर्मपरिषदेनंतर, निरनिराळ्या देशांत पाठवलेल्या थेरांची यादी आहे : लंकेत महिंद, महाराष्ट्रात महाधम्मरक्खित आणि अपरान्तात, म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, योनक धम्मरक्खित. ‘आमच्याकडे महिंद आले तेव्हाच तुमच्याकडेही कोणी तरी आले होते,’ असे भन्ते म्हणाले आणि वसईच्या गृहस्थांकडे पाहून हसले. ठाणे, वसई आणि नालासोपारा हा आपला रोजच्या लोकलचा पट्टा. नालासोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले आणि तेथे सापडलेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तरीही सोपाऱ्याचे हे नाते आमच्या बहुतेकांच्या कानावर प्रथम पडले ते समुद्रापलीकडे, एका खेड्यातल्या भिक्खूंकडून.

मग त्यांनी राजा आणि महिंद थेर यांचा तो प्रसिद्ध संवाद सांगितला. थेरांनी राजाला विचारले, ‘हे झाड कोणते?’ ‘आंब्याचे.’ ‘याखेरीज आंब्याची दुसरी झाडे आहेत का?’ ‘पुष्कळ आहेत.’ ‘हे झाड आणि ते आंबे सोडून आणखी झाडे आहेत का?’ ‘आहेत, पण ती आंब्याची नाहीत.’ ‘ते इतर आंबे आणि ती आंब्याची नसलेली झाडे सोडून आणखी काही उरते का?’ ‘हे आंब्याचे झाड उरते.’ राजा विचार करू शकतो अशी खात्री झाल्यावरच थेरांनी धम्म सांगायला सुरुवात केली. भन्ते हा संवाद आपल्या गावातील शाळकरी मुलांना जसा सांगत असतील तसाच प्रश्न विचारत, थांबत आणि आमच्याकडून उत्तरे घेत सांगत होते; मार्गदर्शकाला भाषांतर करायला पुरेशी सवड देत होते.

आमच्याबरोबर ऐरोलीचे एक निवृत्त शिक्षक होते, त्यांना आम्ही सगळे ‘सर’ म्हणत असू. आपण १९५६ सालच्या नागपूरच्या दीक्षेनंतरच्या पिढीतले बौद्ध आहोत, असे त्यांनी सांगितले, तेव्हा भन्तेंनी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतले. बाबासाहेब १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत आले होते आणि ही गोष्ट त्या वृद्ध भिक्खूंना माहीत होती. सरांनी हात जोडून ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’ म्हणायला सुरुवात केली आणि भन्तेंनी त्यांच्या सुरात सूर मिळवला. त्रिशरण झाले, पंचशील झाले. सरांची चाल आपल्याकडील विहारांतली, भन्तेंची त्याहून संथ. त्यामुळे दर ओळीच्या शेवटी सर क्षणभर थांबत आणि दोघे पुढची ओळ एकदम उचलत. त्या दोघांना एकमेकांच्या भाषेतले एक वाक्यही बोलता येत नव्हते. भन्तेंबरोबर आलेले गावकरीही हात जोडून म्हणू लागले. आमच्यातील हिंदू आणि ख्रिस्ती मंडळीही शांतपणे बसून होती, आणि सरांच्या पत्नीच्या डोळ्यांतले पाणी मला अजून आठवते.

गावकऱ्यांनी आम्हाला बेलीमल दिले. बेलाच्या वाळवलेल्या फुलांचा हा उकाळा तेथे सर्वत्र मिळतो. भन्तेंनी पुरुषांच्या मनगटाला परित्त पाठाचा, म्हणजे रक्षणासाठी म्हटल्या जाणाऱ्या सूत्रांचा, पांढरा धागा बांधला आणि स्त्रियांच्या हाताला तो त्यांच्याबरोबरच्या एका वृद्ध उपासिकेने बांधला. माध्यान्ह जवळ आल्यावर गावकरी भोजनदानासाठी त्यांना न्यायला आले आणि ते उठले. ही भेट आमच्या वेळापत्रकामुळे तुटली नाही, त्यांच्या दिनक्रमानुसार संपली, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण सहलीत असे क्वचितच घडते.

आता सेवेच्या बाजूने पाहिले तर या काळात सहल व्यवस्थापकाने काय केले हे महत्त्वाचे आहे. त्याने जेवणाच्या हॉटेलला दूरध्वनी करून वेळ पुढे ढकलली. दोघा सहप्रवाशांना अनुराधपुरातील संग्रहालय चुकेल अशी काळजी होती, त्यांना त्याने लहान गाडीने पुढे पाठवले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. स्थानिक मार्गदर्शकाला तर विशेष गुण द्यावे लागतील. तो केवळ भाषांतर करत नव्हता. आमचा एखादा प्रश्न उद्धट वाटण्यासारखा असेल तर तो आम्हाला आधी हळूच सांगे आणि मगच योग्य शब्दांत पुढे विचारे. असा मार्गदर्शक नसता तर ही भेट एका समूहछायाचित्रावर आटोपली असती. छायाचित्र आम्हीही काढले, पण निघताना आणि विचारून.

दांबुल्ल्याची लेणी आणि सिगिरिया यांविषयी अन्यत्र पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे एवढेच सांगतो, की सिगिरियाला सकाळी लवकर नेण्याचा संस्थेचा निर्णय योग्य होता. मातलेजवळच्या अलुविहार येथे, जेथे इ.स.पू. पहिल्या शतकात त्रिपिटक प्रथम लिहून काढले गेले, ताडपत्रावर लेखणीने अक्षरे कोरून त्यावर काजळी चोळण्याची पद्धत पाहायला मिळाली. तेथले बोलणे पर्यटकांसाठी ठरलेले होते. त्याचे महत्त्व आहे, परंतु मिहिंतलेसारखी ओळख तेथे होत नाही आणि संस्थेनेही तसे भासवले नाही. याच रस्त्यावरच्या मसाल्यांच्या बागांतील खरेदीचा थांबा घ्यायचा का, असे बसमध्ये सर्वांना विचारले गेले, आणि बहुसंख्यांनी नको म्हटल्यावर तो वेळ कँडीला मिळाला.

कँडीत दळदा मालिगावाची, म्हणजे बुद्धांच्या दंतधातूच्या मंदिराची, संध्याकाळची पूजा पाहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी होती. वसईच्या दांपत्याला चर्चमध्ये जायचे होते, आणि आम्ही काही जण त्यांच्याबरोबर गेलो. प्रार्थनेनंतर आवारात फादर भेटले. वसई आणि गोव्याचे नाव ऐकताच त्यांनी आम्हाला बाकावर बसवून संत जोसेफ वाझ यांच्याविषयी सांगितले. गोव्यातील बाणावली येथे १६५१ साली जन्मलेले हे कोकणी धर्मगुरू, डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली असताना, वेश पालटून श्रीलंकेत आले. कँडीत पोहोचल्यावर पोर्तुगीजांचे हेर असल्याच्या संशयावरून राजाने त्यांना कैदेत ठेवले. पुढे देवीची साथ पसरली तेव्हा त्यांनी रुग्णांची जी शुश्रूषा केली, तिच्यामुळे त्याच बौद्ध राजाच्या राज्यात त्यांना मानाने राहता आले. १७११ साली कँडीतच त्यांचे निधन झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले. फादर बोलत असताना वसईच्या काकू मधूनमधून ‘आमच्या बाजूचेच हो’ असे म्हणत होत्या. निघताना फादरनी त्यांच्याकडून वसईच्या चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या एका मराठी प्रार्थनेच्या काही ओळी म्हणवून घेतल्या आणि डोळे मिटून ऐकल्या.

राहण्याची व्यवस्था एकंदर चांगली होती. कँडीतील हॉटेल तलावापासून पायी जाण्याच्या अंतरावर आणि स्वच्छ होते. अनुराधपुरातील हॉटेलात मात्र गरम पाण्याची वारंवार गैरसोय झाली आणि तक्रार केल्यावरही ती पूर्णपणे दूर झाली नाही. शाकाहारी मंडळींना रोज डाळ, भात, फणसाची किंवा भेंडीची भाजी आणि पोल संबोल ही खोबऱ्याची चटणी मिळत असे; आपल्या कोकणी जिभेला हे जेवण परके वाटत नाही. किरीबत, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, नाश्त्याला एकदा तरी मागून घ्यावा. रोज पोळी-भाजीच हवी असणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे, कारण बरोबर आचारी नसतो. दर मोठ्या कंपन्यांपेक्षा जास्त आहेत. गट लहान ठेवल्यामुळे ते तसे असणे मला पटते, परंतु निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना ते जड जातील, आणि संस्थेने ज्येष्ठांसाठी हप्त्यांची सोय अवश्य करावी.

माझी मुख्य तक्रार कोलंबोविषयी आहे. शेवटचा दिवस तेथे घाईत उरकला जातो आणि त्या दिवसाला राखीव वेळ अजिबात नाही. याच शहरात मालिगाकंद येथे हिक्कडुवे श्री सुमंगल महास्थविरांनी १८७३ साली स्थापन केलेले विद्योदय परिवेण, म्हणजे भिक्खूंचे विद्यालय, आहे. मराठीत बौद्ध वाङ्मयाचा पाया घालणारे धर्मानंद कोसंबी १९०२ साली येथेच पाली शिकायला आले आणि श्रामणेर, म्हणजे नवदीक्षित भिक्खू, झाले. गोव्यातून निघालेल्या या तरुणाने पाली शिकण्यासाठी जे कष्ट सोसले ते ज्याला ठाऊक आहेत, त्या मराठी प्रवाशाला बस या परिवेणाच्या जवळून न थांबता जाते हे मनाला लागते. तेथे कोणी भेटले नाही तरी चालेल. निदान तासभर थांबून ते आवार पाहू द्यावे. मी हे अभिप्रायाच्या अर्जात लिहिले आहे आणि ताईंनी त्यावर विचार करण्याचे मान्य केले आहे.

मुंबईहून कोलंबोचे थेट विमान सुमारे अडीच तासांत पोहोचते, घड्याळ बदलावे लागत नाही, आणि प्रवेशपरवान्याचे काम संस्था करून देते. ज्यांना कमी वेळात जास्तीत जास्त स्थळे पाहायची आहेत, त्यांनी दुसरी सहल निवडावी. येथे त्यांचा जीव कासावीस होईल. लहान मुले असलेल्या कुटुंबांनाही या सहलीचा वेग मंद वाटेल. ज्येष्ठ नागरिक, इतिहासाची आवड असलेले, कोणत्याही धर्माच्या माणसाजवळ बसून आदराने ऐकण्याची तयारी असलेले यांनी मात्र अवश्य जावे. शक्य असल्यास प्रवासात एखादी पौर्णिमा येईल अशी तुकडी निवडावी. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला पोयाची सार्वजनिक सुटी असते, मद्यविक्री बंद असते आणि पांढऱ्या वस्त्रांतील कुटुंबे दिवसभर विहारांत असतात, त्यामुळे बोलणे सहज सुरू होते. पोसोनच्या दिवसांत अनुराधपूर आणि मिहिंतले येथे फार गर्दी असते, म्हणून त्या तुकडीची नोंदणी बरीच आधी करावी लागेल. निघण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी नालासोपाऱ्याचा स्तूपही पाहून घ्यावा. जाताना पांढरे कपडे, दोन जोड जाड मोजे, घडीची छत्री आणि विहारांच्या दानपेट्यांसाठी श्रीलंकेच्या सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात. चकली-चिवड्याचा डबा न्यायचा असेल तर तो सकाळीच उघडावा.